भय, भानामती आणि आपण

मुदखेड सोडून गाडी भोकर, हिमायतनगर करीत किनवटकडे निघाली की खिडकीबाहेरचा मुलूख हळूहळू पालटू लागतो. काळी, सपाट शेते मागे पडतात. साग दाटू लागतो, मोह आणि पळस दिसू लागतात, टेकड्या अगदी रुळाजवळ येऊन उभ्या राहतात. उत्तरेला पैनगंगा वाहते आणि तिच्या पैलतीरावर विदर्भ सुरू होतो. दुसऱ्या अंगाला तेलंगणाची सीमा आहे. १९५६ सालापर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. गोंड, कोलाम, आंध, प्रधान, बंजारा असे अनेक समाज या रानाच्या आधाराने राहत आले आहेत. मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू या भाषा एकाच आठवडी बाजारात कानांवर पडतात. साहजिकच येथील भुतेखेतेही बहुभाषिक आहेत!

या परिसरात आमचा काही वर्षे मुक्काम होता. दिवसभर पायपीट करून एखाद्या पाड्यावर वा तांड्यावर पोहोचावे, प्रार्थना व्हावी, भाकरी-पिठले व्हावे आणि मग अंगणात शेकोटीभोवती गोष्टी सुरू व्हाव्यात, असा क्रम असे. कुणाला चकवा लागून तो रात्रभर एकाच नाल्याभोवती फिरत राहिलेला असे. कुणी डोहाच्या काठी आसरांना पाहिलेले असे. कुणाच्या बांधावरच्या पिंपळावर मुंजा होता, तर कुणाच्या छातीवर मध्यरात्री कोणीतरी येऊन बसत असे. या गोष्टी केवळ करमणुकीसाठी सांगितल्या जात नसत. सांगणाऱ्याचा आवाज उतरत असे, आणि ऐकणारी मुले आईच्या पदराजवळ सरकत असत.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. अशा गोष्टींपुढे सुशिक्षित माणसाला दोन सोप्या वाटा दिसतात, हे तेथेच ध्यानात आले होते. एक म्हणजे हसून सोडून देणे. दुसरी म्हणजे सगळेच खरे मानून पवित्र पाण्याची बाटली उघडणे. मेंढपाळाच्या कामाला या दोन्ही वाटा उपयोगी नाहीत. हसणाऱ्यापाशी माणूस पुन्हा मन उघडीत नाही, आणि सगळे मान्य करणारा त्याच्या भयाला धर्माचा शिक्का देऊन मोकळा होतो. म्हणून आम्ही ऐकायचे आणि ऐकलेले निवडायचे, असे ठरवले. सुपात धान्य पाखडतात तसे.

पाखडताना पहिल्याने वेगळे निघाले ते रानाचे भय. किनवटच्या जंगलात कांडोळ नावाचे झाड आहे. त्यालाच कोणी पांढरूख म्हणतात, कोणी भुत्या. याची साल पांढुरकी आणि गुळगुळीत असते. उन्हाळ्यात पाने गळाली की चांदण्यात ते हात पसरून उभ्या असलेल्या उघड्या माणसासारखे भासते. याच झाडाचा डिंक गोळा करून आदिवासी चार पैसे मिळवीत आले आहेत. दिवसा ज्याच्यापासून डिंक काढायचा त्यालाच रात्री भ्यायचे, हा रानातला रिवाज आहे.

चकव्याचेही असेच. जर्मनीतील काही संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालत राहण्यास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ गेली. आभाळ झाकोळताच गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडू लागली. आपण सरळच चाललो आहोत, अशी त्यांची समजूत मात्र कायम होती. डोळे बांधले तर वीस मीटरच्या आतबाहेरच रिंगण होई. आमच्या शेकोटीवरच्या म्हाताऱ्याने चकव्याचे जे वर्णन केले होते ते याहून फारसे निराळे नव्हते. चकवा लागला तर गुमान खाली बसावे, उजाडेपर्यंत हलू नये, हा त्याचा तोडगादेखील शास्त्राला धरूनच होता. छातीवर बसणाऱ्याचेही कारण डॉक्टर सांगतात. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. क्वचित मन आधी जागे होते आणि शरीर मागे राहते. त्या काही क्षणांत हालता येत नाही, ओरडता येत नाही, आणि कोणीतरी दाबून धरल्याचा स्पष्ट अनुभव येतो. अनुभव खोटा नसतो, त्याला दिलेले नाव तेवढे चुकलेले असते.

भय नेहमी पोकळच असते असेही नाही. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या लोकांना १९९२ सालीच जमिनीतून गडगडाट ऐकू आला होता, लहान धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली असताना भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. पुढे काही वर्षे नांदेड शहरातही जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले तेव्हा लोक अंथरुणे घेऊन रस्त्यावर आले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नव्हता. किल्लारी त्यांच्या स्मरणात होती. तेथे भूकंपमापक यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी तपास केला. ते आवाज उथळ, लहान भूकंपांचे होते. कारण कळले, घर कसे बांधावे हे कळले, आणि माणसाला झोप येऊ लागली. भयाला भूत म्हणून बाजूला सारले असते तर हे झाले नसते.

दुसरा वेगळा निघाला तो दुःखाचा भाग. एका विधवा मातेने आम्हाला दबक्या आवाजात विचारले होते, "फादर, आमचे हे जाऊन सहा महिने झाले. पर सांजच्याला दारात खोकल्याचा आवाज येतो, तो त्यांचाच. मला भूतबाधा झाली का?" आजवर तिने हे कुणालाच सांगितले नव्हते, लोक मांत्रिकाकडे नेतील ही भीती. वेल्समधील ड्युई रीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली दोनशे त्र्याण्णव विधवा व विधुरांशी बोलून एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना आपला गेलेला जोडीदार जवळ असल्याचा अनुभव आला होता. काहींनी पाहिले होते, काहींनी ऐकले होते. बहुतेकांनी कुणापाशी वाच्यता केली नव्हती, आणि पुष्कळांना त्या अनुभवाने धीरच आला होता. आम्ही त्या मातेला सांगितले, बाधा काही नाही. पन्नास वर्षांचा संसार कानांतून इतक्या लवकर जात नाही, एवढेच.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. संत ऑगस्टिन यांनी इसवी सन ४२१ च्या सुमारास मृतांविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. जिवंत माणसे आपल्या स्वप्नात येतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो, मग मृतांविषयी निराळे का मानावे, असे ते विचारतात. मृतांना मनाप्रमाणे येता आले असते तर आपल्या आईने, मोनिकाने, एकही रात्र चुकवली नसती, असे ते मोठ्या मायेने लिहितात. पुनरुत्थित प्रभूला पाहून शिष्यांनाही भूतच दिसल्यासारखे वाटले होते. प्रभूने त्यांची थट्टा केली नाही. त्याने हातपाय दाखवले, स्पर्श करा म्हटले, आणि खायला मागितले. भ्यालेल्या माणसाशी कसे वागावे याचा याहून चांगला धडा आम्हाला कुठे मिळाला नाही.

मराठी मुलखातील भुतांची यादी नीट पाहिली की ती एक मृत्युनोंदवहीच आहे असे वाटू लागते. मुंज झाली पण लग्न होण्याआधी जो मुलगा गेला तो मुंजा. बाळंतपणात जी गेली ती हडळ किंवा अळवंतीण. वारस नसताना, धनात जीव गुंतून जो गेला तो समंध. ज्यांचे आयुष्य अर्धवट राहिले, ज्यांच्याविषयी मागे राहिलेल्यांच्या मनात खंत वा अपराधभाव राहिला, त्यांनाच लोकांनी झाडांवर आणि विहिरींवर जागा दिली. डोहातल्या आसरांनी कितीतरी मुलांना खोल पाण्यापासून दूर ठेवले असेल. म्हणून या कथांचा आम्हाला राग येत नाही. हडळीचा प्रश्न मात्र कथेने सुटत नाही. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे तेहतीस माता दगावल्या. देशाचे तेव्हाचे प्रमाण सत्त्याण्णव होते. आपल्या आजीच्या काळी हा आकडा कितीतरी मोठा होता. हडळी कमी झाल्या त्या मांत्रिकामुळे नव्हेत. परिचारिका, दवाखाने आणि वेळेवर मिळालेली गाडी यांचे ते श्रेय आहे.

हे सर्व पाखडून झाल्यावर सुपात जे उरते त्याचे नाव भानामती. मराठवाड्याला आणि लगतच्या बिदर, तेलंगणाच्या भागाला हिचा विशेष शाप आहे. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतात, अन्नात घाण निघते, अंगावर फुल्या उमटतात. बायका कुत्र्यासारख्या भुंकू लागतात आणि एकीचे पाहून दुसरी भुंकते. शेकोटीच्या गोष्टींत आणि यात एक मोठा भेद आहे. मुंजाला, चकव्याला गावात घर नसते. भानामतीला ते असते. ती कोणीतरी "केलेली" असते, आणि म्हणून त्या कोणाला तरी शोधून काढावेच लागते.

असे एक घर आम्ही पाहिले. स्थळ, काळ आणि माणसे ओळखू येऊ नयेत एवढी काळजी घेऊन सांगतो. जादूटोणाविरोधी कायदा होण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. आमच्या प्रार्थनेला येणाऱ्या एका मजुराच्या सोयऱ्याचे ते घर होते. पंधरा दिवसांत तीनदा कपडे पेटले होते आणि घरातल्या दोघांच्या दंडावर काळसर फोडांच्या फुल्या उठल्या होत्या. गावाचा संशय शेजारच्या शिवारातल्या एका एकट्या म्हातारीवर होता. ती विधवा होती, झाडपाल्याचे औषध देत असे, आणि तिच्या बांधाचा या घराशी जुना तंटा होता. अवसेला नदीपलीकडून भगत आणून दाणे टाकायचे आणि नाव काढायचे, असे ठरले होते. नाव कोणाचे निघणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होते. पुढे काय होणार, तेही.

घरधनी आम्हाला म्हणाला, "फादर, तुमचं ते पाणी शिंपडा, अन् कोण करू लालंय त्याचं नाव तेवढं काढून द्या. मग भगताचा खर्च बी वाचंल."

आम्ही म्हटले, "प्रार्थना करतो. नाव काढणार नाही. आणि अवसेपर्यंत आम्ही इथेच ओसरीवर राहतो, चालेल का?"

तो गोंधळला, पण आलेल्या पाहुण्याला नको म्हणणे त्या मुलखात कुणाला जमत नाही.

आम्ही चार दिवस राहिलो. काही गुप्तहेरी केली नाही; नुसते बसून राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोललो. कपडे पेटत ते घरात ठरावीक माणसे असतानाच, बाहेरचे कोणी समोर असताना कधीच नाही, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. फुल्या कशाच्या आहेत हे ओळखायला मंत्र लागत नाही. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की काही काळाने फोड येतात आणि काळा डाग राहतो. बिबा त्या रानात हवा तेवढा आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. त्या भरल्या घरात एक व्यक्ती अशी होती की जिच्याशी चार दिवसांत कोणी एक वाक्यही धड बोलले नव्हते. सगळे तिला कामे सांगत. तिला काय वाटते हे कोणी विचारीत नव्हते. तिच्या आयुष्याचा एक निर्णय घरात परस्पर होऊन गेला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या व्यक्तीशी बोललो. पुरावा मांडला नाही, कबुली मागितली नाही. "तुझ्या मनाविरुद्ध काय चालले आहे ते सांग, ते थांबवायला आम्ही घरच्यांशी बोलू," एवढेच म्हटले. बराच वेळ रडणे झाले. मग बोलणे झाले. त्या रात्री आम्ही घरधन्याशी त्या निर्णयाविषयी बोललो. भानामतीचा शब्दही काढला नाही. निर्णय पुढे ढकलला गेला. कपडे पेटणे थांबले. अवस आली आणि गेली. भगताला निरोप गेला की आता गरज नाही. म्हातारी आपल्या बांधावर नेहमीसारखी काड्या वेचताना दिसली. आपल्यावरून काय टळले याची पुरती कल्पना तिला कधी आली असेल, असे वाटत नाही.

ती व्यक्ती कोण, स्त्री की पुरुष, लहान की मोठी, हे आम्ही त्या घराला सांगितले नाही आणि येथेही सांगणार नाही. तो काही पापनिवेदनाचा संस्कार नव्हता, तरीही ते मौन आम्हाला बंधनकारक वाटते. पुढे आम्हाला समजले की महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही भानामतीच्या घरी जाऊन हेच करतात: प्रकार थांबवतात, व्यथा ऐकून घेतात, आणि करणाऱ्याचे नाव फोडीत नाहीत. त्यांचा आणि आमचा देवाविषयीचा विचार एक नाही. पण एखाद्या दुबळ्या जिवाचे नाव चव्हाट्यावर न आणण्याचे व्रत दोघांनाही मान्य असावे, याचा आम्हाला आनंद वाटला.

त्या समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. अनेक वर्षे रखडलेल्या कायद्याचा अध्यादेश त्यानंतर चारच दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. देवपूजा, प्रार्थना, यात्रा यांना हा कायदा हात लावीत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अमुक व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे, साप वा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, अशा कृत्यांना तो गुन्हा ठरवतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, आणि दंडही. म्हणजे विश्वास कशावर ठेवावा हे तो विचारीत नाही. बोट कोणावर रोखले आणि हात कोणावर उगारला, ते विचारतो.

हे वाचताना आपण ख्रिस्ती माणसांनी अंग चोरून बसू नये. युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना जाळले गेले त्या हजारो स्त्रियांना जाळणारे ख्रिस्ती होते. त्या काळातच फ्रीडरिक श्पे नावाचे एक येशूसंघीय धर्मगुरू जर्मनीत होते. दोषी ठरवलेल्या स्त्रियांना चितेपर्यंत धीर देण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्यांनी १६३१ साली आपले नाव न घालता एक ग्रंथ छापला आणि त्यात दाखवून दिले की यातनांनी मिळवलेल्या कबुलीला काही अर्थ नसतो. तसा छळ केला तर कोणीही, अगदी न्यायाधीशसुद्धा, चेटूक कबूल करील. त्यांचे केस अकाली पांढरे का झाले, असे एका तरुण मित्राने विचारले तेव्हा, ज्या निरपराध स्त्रियांना आपण चितेपर्यंत पोहोचवले त्यांच्या दुःखाने, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. पुढे १६३५ साली साथीतील आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना ते वारले. धर्मगुरूने कोणाच्या बाजूला उभे राहावे, हे त्यांच्यापासून शिकावे.

ख्रिस्तसभेची आजची शिस्त याच अनुभवातून आली आहे. दुरात्मे काढण्याचा विधी कोणाही धर्मगुरूने आपल्या मनाने करावयाचा नसतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार त्यासाठी धर्मप्रांताच्या महागुरूंची स्पष्ट परवानगी लागते, आणि ती धर्मनिष्ठ, ज्ञानी व विवेकी धर्मगुरूलाच मिळते. १९९२ च्या धर्मशिकवणीत बजावले आहे की आधी आजार आहे की काय हे पाहावे. मनाचा आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे. जादूटोणा, भविष्यकथन आणि तावीज यांनाही तिने निषिद्ध ठरवले आहे. दुष्ट शक्ती आहे, असे आपण मानतोच. पण तिचे आवडते काम कपडे पेटवणे नसून माणसाला माणसाविरुद्ध पेटवणे हे आहे, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्या घरांतही डोकावू या. मूल किरकिरले की मीठ-मिरच्या ओवाळणारे हात रोझरीही धरतात. गळ्यातला क्रूस श्रद्धेची खूण म्हणून असतो की गंडा म्हणून, हे ज्याचे त्याने तपासावे. एखाद्या प्रार्थनासभेत कोणी "तुमच्या नात्यातल्याच एका बाईने केले आहे" असे सांगितले, तर तो प्रार्थनेचा आवाज नव्हे, तो नदीपलीकडच्या भगताचाच आवाज आहे. अशा एका वाक्याने जावा-जावा आणि भाऊ-भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे.

तेव्हा भुतांच्या गोष्टी मुलांना खुशाल सांगा. त्यांत आजी-आजोबांचे रान आहे. पण घरात कधी दगड पडू लागले, कपडे पेटू लागले किंवा कोणी घुमू लागले, तर पुढील क्रम ध्यानात ठेवावा. आजारी माणसाला आधी डॉक्टरांकडे न्या. घाबरलेल्यांसाठी सर्वांनी एकत्र प्रार्थना करा आणि आपल्या फादरना बोलवा. कोणी कोणाचे नाव घेऊ लागला तर त्याला तिथेच थांबवा, आणि तो थांबत नसेल तर पोलिसांत जा. मग रात्री जेवणे झाल्यावर, घरात कितीतरी दिवस जो गप्प आहे त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला बोलू द्या.